करंगळीवरचा ठिपका

"डाव्या हाताची करंगळी द्या."

गाडीच्या दाराशी उभ्या राहून बाई एवढंच म्हणायच्या. समोर पेटीवाला असो, पखवाजवाला असो की खुद्द भजनी मंडळाचे अध्यक्ष असोत, त्यानं करंगळी पुढे करायची. बाई नखावर काळ्या मार्कर पेनाचा एक ठिपका देणार आणि मगच तो गाडीत चढणार. परत निघताना उजव्या हाताची करंगळी. डावीवर ठिपका म्हणजे माणूस गेला, उजवीवर ठिपका म्हणजे माणूस परत आला. ज्याची डावी रंगलेली आणि उजवी कोरी, तो अजून मागे आहे. तोवर गाडी हलायची नाही.

पोलिओचा डोस पाजल्यावर लहान मुलांच्या करंगळीला खूण करतात, तीच ही पद्धत. बाई आरोग्यसेविका होत्या. मोताळ्याकडची खेडी त्यांनी चौतीस वर्षं पायाखाली घातली आणि मग निवृत्त होऊन नांदुऱ्यात आमच्या घरापासून चौथ्या घरात राहायला आल्या. निवृत्त झाल्यावरही आपलं काम न सोडणाऱ्या जातीच्या होत्या त्या. तुमच्या गल्लीतही अशी एखादी बाई असेल. तुम्हीही तिला पाहून रस्ता बदलत असाल.

मी धरमकाट्यावर वजनं करतो. भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी. सव्वीस वर्षांत माझ्या चिठ्ठीवर कोणी बोट ठेवलेलं नाही. म्हणून बाई मला 'काट्यावाले भाऊ' म्हणत. पुढे जे लिहिणार आहे त्यामुळे ही माहिती आधीच देऊन ठेवतो.

आमच्या मंडळात बावीस जण होते. बाईंना गाता येत नव्हतं. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना असं झाकून ठेवायची पद्धत आहे, पण आवाज खरोखरच बेसूर होता आणि त्यांना ते माहीत होतं. त्या मंडळात आल्या त्या नारायणमुळे.

नारायण तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा. अंगानं धडधाकट, समज सात-आठ वर्षांच्या मुलाएवढी. घरी फक्त म्हातारी आई. मंडळाचं भजन सुरू झालं की तो देवळाच्या दाराबाहेर उभा राहून टाळ्या वाजवायचा. आत कोणी बोलवत नव्हतं. नव्यानं राहायला आलेल्या बाईंनी आठ दिवस हे पाहिलं आणि नवव्या दिवशी त्याचा हात धरून त्याला थेट आत आणलं.

"हा बाहेर उभा राहून ताल धरते, अन् आतमधले तुमच्यातले तिघं तालाबाहेर हायेत," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "अदलाबदल करा."

तिघं कोण ते त्यांनी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून आमच्यातले निदान सहा जण टाळ जपून वाजवू लागले.

नारायणला अभंगाचे शब्द यायचे नाहीत. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तेवढा तो पकडायचा आणि सगळ्यांच्या मागून मोठ्यानं म्हणायचा. टाळ मात्र कधी चुकला नाही. सगळे त्याला 'नाऱ्या' म्हणत. बाई 'नारायणभाऊ' म्हणत. एकदा पेटीवाला हसून म्हणाला, "बाई, लेकरू हाय ते. त्याले भाऊ काऊन म्हणता?"

"लेकरू नाइ तो. तुमच्याहून दोन वर्षांनं मोठा हाय. दाढी करते तो."

त्यांनी पहिल्याच महिन्यात मंडळापुढे नियम ठेवले. नारायणला घरून कोण आणणार आणि घरी कोण सोडणार, ते आधी ठरलं पाहिजे. एकट्यानं कोणी त्याला कुठं न्यायचं नाही, नेताना दोघं हवेत. त्याला तंबाखूचा खर्रा द्यायचा नाही. त्याचा व्हिडिओ काढायचा नाही. आणि बाहेरगावी जाताना करंगळीचे ठिपके.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, हे भजनी मंडळ हाय. पोलिओचा डोस नाइ."

"डोसाले मी चौतीस वर्षांत एक घर चुकवलं नाइ. तुमाले एक माणूस सांभाळा लागते."

"म्हणजे आमच्यावर संशय घेता तुमी?"

"संशय एकावर रायते, दादा. नियम सगळ्याइवर. माह्यावर बी."

हे खरं होतं. नारायणला घरी सोडायची पाळी बाईंची असली की त्या माझ्या दारात येऊन उभ्या. "काट्यावाले भाऊ, चला. दोघं पायजेत." देवळापासून नारायणचं घर दोनशे दहा पावलं. तेवढ्यासाठी मी किती वेळा ताटावरून उठलो असेन! बायको म्हणायची, बाईंचं लग्न लागलं असतं तर नवऱ्यालाही त्यांनी ठिपका देऊनच घरात घेतलं असतं. नवरा होता, तो लवकर गेला होता. मी बायकोला तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं बाईंकडे वाटीभर ठेचा पाठवला.

दीड वर्ष ठिपके चालले. लोक थट्टा करायचे. कुठंही कार्यक्रमाला गेलं की कोणीतरी आमच्या अध्यक्षांची करंगळी पाहून विचारायचं, "दादा, डोस घेतला काय?" अध्यक्ष वरवर हसत. आत काय साठत होतं ते नंतर कळलं.

मग तो व्हिडिओ आला. तालमीच्या सुटीत पखवाजवाल्यानं आणि आणखी दोघांनी नारायणच्या डोक्याला उपरण्याचा फेटा बांधला. "नाऱ्या, बायको पायजे काय बे तुले? नाचून दाखव, मंग आणतो." नारायण नाचला. एकानं मोबाइलवर काढलं. संध्याकाळपर्यंत ते गावभर फिरलं. माझ्याही मोबाइलवर आलं. मी पाहिलं आणि हसलो. हे लिहिताना लाज वाटते, पण हसलो होतो हे खरं आहे.

बाई माझ्याकडे आल्या. "दाखवा."

मी म्हणालो, "बाई, त्यालाही मजा येत होती. हसतोय बघा तो."

"तोंड नका पाहू. हात पाहा."

मी पुन्हा लावलं. नारायणची डावी मूठ सदऱ्याच्या टोकावर आवळलेली होती. इतकी, की एक बटण तुटून लोंबत होतं. नाचताना पूर्ण वेळ ती मूठ सुटली नव्हती.

"तो भेला म्हंजे हसते," बाई म्हणाल्या. "लहानपणी मार खाऊन शिकला. हसलं का लोक सोडून देतात."

दीड वर्ष मी त्याच्या शेजारी बसून टाळ वाजवला होता. मला हे माहीत नव्हतं.

बाईंची मागणी साधी होती. व्हिडिओ पुसायचा आणि तिघांनी नारायणच्या घरी जाऊन माफी मागायची. त्याच्या आईची नाही, त्याची. अध्यक्षांनी बैठक बोलावली. वाटलं, त्या तिघांना समज देतील. ते म्हणाले, "बाईंचं वय झालं. त्याइले उगा दगदग नको. मंडळातून त्याइले मानानं मोकळं करू." मानानं! ज्यानं नाचवलं तो मंडळात राहिला आणि जिनं विचारलं तिला मानानं मोकळं केलं.

हात वर करायला सांगितले. बाई सोडून एकोणीस जण हजर होतो. चौदा हात वर गेले. विरोधात दोन. तिघांचे हात मांडीवर राहिले. त्या तिघांत मी होतो. आमच्या काट्यावर गाडी चढली की आकडा दाखवावाच लागतो. मी माणूस असून आकडा दाखवला नाही.

बाई उठल्या, चपला घातल्या आणि दारातून वळून मला म्हणाल्या, "काट्यावाले भाऊ, आता तुमी मोजा. टाळ नका मोजू, तोंडं मोजा."

मोजायचं काम माझ्याकडे आलं. ठिपके अध्यक्षांनी बंद केले आणि मलाही बरं वाटलं. मार्कर पेन घेऊन दाराशी उभं राहायची मला लाज वाटत होती. आमच्या मंडळात टाळांच्या चौदा जोड्या आहेत, प्रत्येकीवर आकडा कोरलेला. नारायणची सात नंबरची. तो ती कोणाच्या हाती देत नसे, भाकरी खातानासुद्धा मांडीवर घेऊन बसायचा. मी हिशेब केला, टाळ पिशवीत परत आले म्हणजे टाळकरी परत आले. पद्धत नीटस वाटली. बाईंनी करू नका म्हणून बजावलं होतं, नेमकं तेच मी केलं.

चैत्रात वडनेरच्या पुढच्या एका गावी सप्ताह होता. गावाचं नाव लिहीत नाही, त्या गावाचा काही दोष नाही. काल्याचं कीर्तन झालं, पंगती उठल्या, पावणेतीन वाजता निघायचं ठरलं. ऊन असं की लोखंडी दाराला हात लावता येत नव्हता. आम्ही दोन गाड्यांत होतो. मी पिशवी उघडून मोजलं. चौदा. पुन्हा मोजलं. चौदा. सात नंबरची जोडी माझ्या डोळ्यांसमोर होती. मी ओरडलो, "पूर्ण आहे, सोडा गाडी."

नारायण शाळेमागच्या नळावर पाणी प्यायला गेला होता. पखवाजवाल्यानं त्याच्या हातातले टाळ हिसकून आधीच पिशवीत टाकले होते. पुढच्या गाडीतले समजले तो मागच्या गाडीत, मागचे समजले पुढच्या.

साडेतीनला देवळापाशी उतरलो. कोपऱ्यावर नारायणची आई उभी होती. एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. सगळे उतरले, तशी म्हणाली, "अन् माहा नारायण?"

अध्यक्ष म्हणाले, "असंल तिथीच. जेवत असंल. येईन कोणाच्या गाडीनं." आणि घरी गेले. माणूस हरवला होता आणि ते घरी जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सांगितलं की उन्हानं डोकं चढलं होतं.

म्हातारी बाईंकडे गेली. बाई तशाच घरच्या साडीत बाहेर आल्या, खांद्याला ती जुनी पिशवी. कोपऱ्यावर शब्बीरभाईंची ऑटो उभी होती. ते म्हणाले, "बैठो बाई," आणि भाडं-बिडं काही न विचारता ऑटो सुरू केली. मीही चढलो. मला कोणी चल म्हटलं नव्हतं.

रेल्वे फाटक ओलांडल्यावर बाईंनी विचारलं, "किती मोजले होते?"

"चौदापैकी चौदा."

"म्हणजे टाळ घरी पोचले."

मला आयुष्यात पुष्कळ लोक बोललेत. हे एक वाक्य अजून उतरत नाही.

तो गावात नव्हता. हायवेवर, गावाच्या फाट्यापासून चार किलोमीटरवर एका ढाब्याच्या बाजेवर बसलेला सापडला, आणि तोही नांदुऱ्याच्या उलट दिशेला. एका पायात चप्पल, दुसरा पाय भाजलेला. ढाब्याच्या मालकानं आम्हालाच झापलं. "हे माणूस तुमचं हाय काय? शरम वाटत नाइ? थांबलेल्या ट्रकाइपाशी जाऊन जाऊन बोट दाखवून राह्यला होता. चौघांनी हाकलला. पाचव्यानं वर घेतला होता, मी हात धरून खाली उतरवला. कुठी नेला असता, कोणाले मालूम!"

बोट दाखवत होता. गाडीत बसायचं तर करंगळी पुढे करायची, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. आम्ही ती पद्धत मोडली होती, त्यानं मोडली नव्हती.

आम्हाला पाहून तो हसला. मोठ्यानं, दात दाखवून. दोन्ही हातांनी सदरा आवळला होता. त्याच्या त्या हसण्याकडे मी पाहू शकलो नाही.

बाईंनी आधी घोट घोट पाणी पाजलं. पायाला ओलं फडकं गुंडाळलं. मग पिशवीतून मार्कर पेन काढलं. "नारायणभाऊ, उजवी."

त्यानं उजवी करंगळी पुढे केली. बाईंनी ठिपका दिला. त्यानं तो नीट निरखून पाहिला, आणि तेव्हा तो रडायला लागला. हसणं थांबलं आणि रडू आलं. शब्बीरभाई तोंड फिरवून काच पुसत बसले. स्वच्छ होती ती काच.

आता खरी रागाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी बैठक झाली आणि मंडळानं ठराव केला की यापुढे नारायणला घ्यायचं नाही. "अशा माणसाची जोखीम मंडळ नाइ घेऊ शकत," अध्यक्ष म्हणाले. "उद्या काही झालं तर?"

बाई बोलावलेल्या नव्हत्या. दारातून म्हणाल्या, "व्हायचं ते काल झालं. चुकले तुमी, अन् घरी बसवता त्याले?"

मी उभा राहिलो. या वेळी उभा राहिलो. म्हणालो, "मोजलं मी. गाडी सोडा म्हणालो मी. काढायचं तर मला काढा."

"तुमी काऊन मनाले लावून घेता, भाऊ?" अध्यक्ष म्हणाले. "होते माणसाच्या हातून."

माझ्या हातून झालं ते एका मिनिटात माफ झालं, कारण मी काट्यावरचा शहाणा माणूस. आणि ज्याच्या हातून काहीच झालं नव्हतं त्याच्या घरी माणूस पाठवून कळवलं की सात नंबरचे टाळ आता मिळणार नाहीत. टाळ मंडळाचे आहेत म्हणे. त्यांनी सोय सांभाळली आणि तिला जबाबदारी म्हटलं. मी त्याच दिवशी मंडळ सोडलं. त्याचा काही मोठेपणा नाही. दोन महिने उशिरा वर केलेला हात होता तो.

पुढे बाईंच्या ओट्यावर दर मंगळवारी दुपारी चार वाजता आमचं भजन सुरू झालं. बाई, नारायण, त्याची आई आणि मी. माझ्याकडची टाळांची जुनी जोडी मी नारायणला दिली. त्यानं आधी उलटसुलट करून आकडा शोधला. नव्हता. बाईंनी मार्करनं सात लिहिला, तेव्हा वाजवले. बाई पूर्ण आवाजात बेसूर गायच्या. शब्बीरभाई कधीकधी ऑटो उभी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "बाई, ठेका नारायणभाईमुळे जमतो, नाहीतर तुमचं काही खरं नाही."

"मले ठाऊक हाय. म्हणूनच त्याले सोडत नाइ."

अडीच वर्षं हे चाललं. मग बाई न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. नाशिकहून मुलगा न्यायला आला. गाडी दाराशी लागली. बाईंना खुर्चीवरून उचलून आत बसवत होते, तर नारायण गाडीच्या दारात आडवा उभा. म्हणाला, "बाई, डावी."

सगळे थांबले. बाईंनी पिशवीतून पेन काढून त्याच्या हातात दिलं आणि डावी करंगळी पुढे केली. त्यानं जीभ दातांत धरून ठिपका दिला. थोडा नखाबाहेर गेला.

"उजवी आल्यावर देजो," बाई म्हणाल्या. "पेन सांभाळ."

तीन महिन्यांनी मुलाचा फोन आला. त्या गेल्या होत्या.

आणि चौकात काय लागलं? मंडळाचं फ्लेक्स. 'मंडळाच्या मार्गदर्शिका, भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, त्याच्या खाली पखवाजवाल्याचा. मी खाली उभा राहून नावं मोजली. चौदा हात वर गेले होते, त्यांतली अकरा नावं तिथं होती. फाडून टाकावं असं वाटलं. फाडलं नाही, कारण नारायण तिथं होता.

त्याच्या हातात पेन होतं. तो फ्लेक्ससमोर टाचा उंचावून उभा होता आणि बाईंच्या फोटोवरून हात फिरवत खाली खाली काहीतरी शोधत होता. फोटो खांद्यापर्यंतच होता. त्याखाली अध्यक्षांपासूनची नावं सुरू होत होती.

"भाऊ," तो मला म्हणाला, "बाईची उजवी कुठी हाय?"

मी त्याचा हात धरला. दोघं हवेत, म्हणून शब्बीरभाईंना हाक मारली. आम्ही त्याला घरी सोडलं. पेन त्यानं टोपण लावून खिशात ठेवलं.